पुरवठादार : एमिली, वसई

"माझ्या गोदामात लेबलाशिवाय झुरळसुद्धा फिरत नाही!"

सदानंद टिपणीस हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. आणि तुम्हाला सांगतो मंडळी, त्यात अतिशयोक्ती फारच थोडी होती. दुबईला कुसैसमध्ये त्याच्या कंपनीचं गोदाम. फरशी पुसायची द्रावणं, बाथरूम क्लीनर आणि हॉटेलांच्या लॉबीत दरवळणारे सुगंध, असा सगळा माल तिथे तयार व्हायचा. सदानंद तिथला सेफ्टी ऑफिसर. त्याने स्वतःच्या खिशातून तीनशे दिरहॅमचं, म्हणजे आपले सात हजार रुपये मोजून, लेबल छापायचं यंत्र घेतलं होतं. गोदामातलं सगळं छापून झाल्यावर ते यंत्र ऊद मेथा भागातल्या त्याच्या घरात शिरलं.

"अहो, मिठाच्या बरणीवर 'कोरड्या जागी ठेवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका' हे कोणासाठी?" त्याच्या बायकोने, अनुपमाने विचारलं.

"डॅड, इट्स जस्ट सॉल्ट!" अवनी म्हणाली.

"आज सॉल्ट आहे. उद्या त्यात कोणी वॉशिंग सोडा भरला तर?"

"भरणारी मीच आहे ना?" अनुपमा म्हणाली आणि विषय मिटला. लेबल मात्र राहिलं.

अशा माणसाच्या आयुष्यात हॉलंड आलं! तिथल्या एका कंपनीने सदानंदच्या कंपनीत अर्धा हिस्सा घेतला आणि मेल पाठवली, की इथून पुढे रसायनांचे जे नियम युरोपात तेच दुबईत. खरं तर तो कायदा दुबईला लागू नव्हता. पण अर्ध्या मालकाचा शब्द म्हणजे पूर्ण कायदा. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि सदानंदने पेढे वाटले.

नियम मोठे छान होते. रसायन बनवणारा जबाबदार असतोच, पण ते विकत घेऊन वापरणाऱ्यालाही 'आम्ही काय, नुसते वापरतो' म्हणून हात झटकता येत नाहीत. पुरवठादाराने दिलेला माहितीचा कागद त्याने वाचायचा. आपण करतो तो वापर त्या कागदात बसतो का ते बघायचं. बसत नसेल तर पुरवठादाराला कळवायचं, नवा धोका दिसला तरी कळवायचं. त्याने हात वर केले तर आपण तपासणी करायची, नाहीतर वापर थांबवायचा. आणि सगळे कागद दहा वर्षं जपून ठेवायचे. आपल्याकडे लग्न लावतानासुद्धा नवऱ्याला एवढ्या जबाबदाऱ्या सांगत नाहीत!

सदानंदने त्यात स्वतःची दोन कलमं घातली. पहिलं, अनोळखी बाटली उघडायची नाही आणि हुंगायची तर अजिबात नाही. दुसरं, फॉर्मातला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. "रिकामा रकाना म्हणजे झाकण नसलेलं गटार," तो म्हणायचा, "आज ना उद्या कोणीतरी पडणारच!" शिवाय स्टोअरच्या दारावर एक लाल पोस्टर होतं. आत खाण्याची वस्तू सापडली तर जागच्या जागी नोकरी खलास. खाली सही, सदानंद टिपणीस.

या स्टोअरची किल्ली स्टॅनलीकडे असे. स्टॅनली मूळचा वसईचा, एकोणसाठ वर्षांचा. सव्वीस वर्षं दुबईत आणि त्यातली अकरा सदानंदच्या हाताखाली. देरा भागात एका खोलीत सहा जण राहायचे, त्यातली एक खाट याची. डिसेंबरात रिटायर होऊन कायमचा घरी जायचा होता. मे महिन्यात त्याची बायको गेली. सदानंदने तेव्हा सांत्वनाचं कार्ड आणलं होतं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. अठरा सह्या, एकही राहिली नाही. आधीच अबोल असलेला स्टॅनली त्यानंतर आणखीच गप्प झाला. पण रजिस्टर चोख ठेवायचा, त्यामुळे सदानंदची तक्रार नव्हती.

नोव्हेंबरात हॉलंडची मॅडम तपासणीला आली. येताना स्वतःचे सेफ्टी शूज घेऊन आली! सदानंद तिथेच विरघळला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिने सगळं गोदाम पालथं घातलं आणि चुकीच्या नावाने साधी टाचणीसुद्धा सापडली नाही. सदानंदची छाती शर्टाच्या बटणांना झेपेना.

"लास्ट रूम, मॅडम," तो म्हणाला. "कोल्ड स्टोअर. एटीन डिग्रीज. फुल्ली डार्क. फुल्ली लेबल्ड!"

मॅडमने बॅटरी मारली. सर्वांत वरच्या फळीवर, खोक्यांच्या मागे, काहीतरी चमकलं. काळपट काचेची बाटली! तळाशी चार बोटं घट्ट ठासलेली तांबूस पूड, तोंडाला बूच आणि बुचावर मेण. लेबल नाही!

"व्हॉट इज धिस?"

सदानंदने खैरुद्दीनकडे पाहिलं. खैरुद्दीन मिक्सिंगचा ऑपरेटर, वीस वर्षांचा जुना माणूस.

"साब, कसम से, मैंने तो आज पहली बार देखा," खैरुद्दीन म्हणाला. "ज़रा सूँघ के बताऊँ?"

"खबरदार!"

स्टॅनलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता खरं म्हणजे सदानंदला 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द पुरे होते. पण अकरा वर्षांची बढाई माणसाला असे शब्द उच्चारू देत नाही.

"सॅम्पल, मॅडम!" सदानंद म्हणाला. "ट्रायल सॅम्पल! कम्प्लीट फाइल टुमॉरो टेन ओ'क्लॉक!"

झालं! करायला गेला गणपती आणि त्याचा झाला मारुती. पिवळ्या पट्ट्या बांधल्या गेल्या. सदानंदने मास्क चढवला, चष्मा चढवला, कोपरापर्यंत हातमोजे घातले आणि ती बाटली तान्ह्या बाळासारखी उचलून लोखंडी पेटीत ठेवली. स्टॅनली दारातून म्हणाला, "सर, हळू. काच जुनी आहे."

चार वाजता सदानंदने त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. सोळा भाग, चौऱ्याण्णव रकाने.

"स्टॅनली, हे तुमच्या कस्टडीतलं आहे. मला फक्त उत्तरं द्या. ही बाटली आली कुठून?"

"वसईहून, सर."

"पुरवठादार?"

स्टॅनलीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, "एमिली."

सदानंदने टाइप केलं. पुरवठादार : एमिली, वसई. "कॉन्टॅक्ट नंबर?"

"होता, सर. आता लागत नाही."

"बंद झाली?"

"हो, सर. मे महिन्यात."

"अचानक?"

"अचानकच."

"छोट्या लोकांचं असंच असतं," सदानंद की-बोर्ड बडवत म्हणाला. "पुढे चालवणारं कोणी नाही?"

"मुलगी आहे. कॅनडात असते. तिने कधी शिकून घेतलं नाही."

"बरं. बनवण्याची पद्धत?"

इथे स्टॅनलीचा चेहरा उजळला. तो खुर्चीत जरा पुढे सरकला. "उन्हात वाळवायचं, सर. चांगलं कडकडीत. मग एकेक जिन्नस वेगवेगळा भाजायचा, मंद आचेवर. घाई केली की संपलं. मग कुटायचं."

सदानंदने लिहिलं, सोलर ड्राइंग, थर्मल ट्रीटमेंट, मेकॅनिकल ग्राइंडिंग. "कामगारांची सुरक्षा?"

"नाकातोंडाला फडकं बांधायची. तरी शिंकून शिंकून बेजार! मी खिडकीतून हसायचो, तर मुसळ घेऊन मारायला यायची." स्टॅनली चक्क हसला.

श्वसनमार्गाला तीव्र दाह. "डोळ्यांत गेलं तर?"

"विचारूच नका, सर! जीव जातो."

डोळ्यांना गंभीर इजा. "घटक किती?"

"सत्तावीस."

"नावं?"

"ते तिने कधी सांगितलं नाही." स्टॅनलीचं हसू विझलं. "मीही विचारलं नाही. वाटलं, घरी जाणारच आहे, मग बघू."

"ट्रेड सीक्रेट!" सदानंद खूश झाला. फॉर्ममध्ये त्यासाठी खास चौकोन होता. "वापर किती?"

"आठवड्याला अर्धा चमचा. पुरवून पुरवून वापरतो. डिसेंबरपर्यंत जायला पाहिजे."

अल्प प्रमाण, आठवड्यातून एकदा.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस महाराष्ट्रातच जन्मला ना? तर हो, चांगला डोंबिवलीत जन्मला. पण सदानंद ऐकत नव्हता, भरत होता. रकाने भरणाऱ्या माणसाला समोरचा माणूस दिसत नाही, पुढचा रकाना दिसतो. समोर एक म्हातारा होत चाललेला नवरा आपल्या संसाराबद्दल सांगत होता आणि याला शेवटचे बारा चौकोन दिसत होते.

चौऱ्याण्णवावा रकाना भरला तेव्हा स्टॅनली उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "थँक यू, सर," तो म्हणाला. "फार मोठं काम केलंत."

"अहो, थँक यू कसलं? ही आपली ड्यूटी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॅनली ड्रम उतरवून घ्यायला जबेल अलीच्या बंदरावर गेला होता. दहाच्या ठोक्याला मॅडमने फाइल वाचली. पुन्हा वाचली. म्हणाली, एवढी व्यवस्थित फाइल मी आखातात पाहिली नाही. सदानंदचे पाय जमिनीवरून उचलले. मग ती म्हणाली, पुरवठादार नाही, घटक माहीत नाहीत आणि तुमचा वापर कोणत्याच कागदात बसत नाही. तेव्हा वापर थांबवा आणि माल नियमाप्रमाणे नष्ट करा.

"यल्ला, चला!" सदानंद म्हणाला आणि फोन उचलला.

घातक कचरा नेणारी गाडी बारा वाजता आली. सदानंदने बाटली पिवळ्या पिंपात ठेवली, पिंप सील केलं आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. फॉर्मात 'अर्जंट', म्हणजे अतितातडीचे, या चौकोनात बरोबरची खूण केली, कारण तो चौकोन रिकामा राहिला असता. एक वाजता फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकला. अठरा अंगठे आले. स्टॅनलीचा आला नाही.

संध्याकाळी जेवताना त्याने बायको-मुलीला सगळा पराक्रम साग्रसंगीत ऐकवला. "सत्तावीस घटक! वाळवून, भाजून, कुटून. काळ्या बाटलीत काठीने ठासल्यासारखं भरलेलं, वर मेण. कुणी एमिली म्हणून वसईची सप्लायर, मेमध्ये बंद पडली. पण मी एकही रकाना..."

अनुपमाच्या हातातला डाव आमटीतच थांबला. "अहो."

"काय?"

"बाटली मसाला! वसईचे ख्रिस्ती लोक करतात तो. उन्हाळ्यात वर्षाचा कुटून बिअरच्या जुन्या बाटल्यांत भरतात. प्रत्येक घराचा वेगळा. मागच्या नाताळात स्टॅनलींनी आपल्याला चमचाभर दिला नव्हता का? तुम्ही दोन वेळा रस्सा घेतलात."

सदानंदचा घास तोंडात फिरायला लागला.

"आणि एमिली कोण, माहीत आहे तुम्हाला?" अनुपमाचा आवाज बारीक झाला. "स्टॅनलींची बायको. मे महिन्यात गेली ती."

अवनी म्हणाली, "डॅड, यू थ्र्यू अवे हिज वाइफ्स मसाला?"

सदानंद अर्ध्या ताटावरून उठला. अकरा वर्षं ज्याच्या शेजारी उभा राहिला त्याच्या बायकोचं नाव त्याला माहीत नव्हतं. सांत्वनाच्या कार्डावर त्याने छापून आणलं होतं, 'आपल्या प्रिय पत्नीच्या'. तेवढी एकच जागा त्याने आयुष्यात रिकामी सोडली होती आणि ती त्याला दिसलीसुद्धा नव्हती.

सकाळी उजाडताच खैरुद्दीनला घेऊन तो कचऱ्याच्या कंपनीत पोचला. तिथे काउंटरला हव्वाबी नावाची हैदराबादची बाई होती.

"मॅडम, कल का एक पीला पिंप. उसमें बॉटल है. वापस चाहिए."

तिने कागद काढला आणि तिच्या चेहऱ्यावर आदर पसरला. "अच्छा, ये आपका है, साब? क्या पेपर बनाए आप! मैंने तो सबको दिखाया, देखो, पेपर ऐसा होता है!"

"वो केमिकल नहीं है. मसाला है. खाने का मसाला!"

हव्वाबीने कागद वाचला. "साब, आपने लिखा है, आँख जाती है. साँस में जलन. सूँघना मना. हवा भी नहीं लगनी चाहिए."

"ग़लती से लिखा."

"चौरानवे ख़ाने ग़लती से?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिचा स्वर मऊ झाला. "साब, दूसरा माल हफ़्ता-हफ़्ता पड़ा रहता है. आपका 'अर्जंट' था ना. इसलिए कल शाम को सबसे पहले वही भट्ठी में गया."

तिने ड्रॉवरमधून एक जाड कागद काढला. नष्ट केल्याचं सर्टिफिकेट, तारीख, वेळ, शिक्का. सदानंदने ते दोन्ही हातांनी घेतलं. खैरुद्दीन गाडीत एवढंच म्हणाला, "साब, मैं सूँघ लेता तो अच्छा होता." सदानंदला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

ऑफिसला आल्यावर आधी त्याने मे महिन्याची फाइल काढली. का काढली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. स्टॅनलीचा रजेचा अर्ज वर होता, 'वाइफ सिरीयस'. त्याखाली स्टोअरच्या हँडओव्हरचा कागद, आणि त्यावर लाल शाईत सदानंदचं स्वतःचं अक्षर : 'रकाना ७ रिकामा. ड्रम मोजून पूर्ण करावा, मगच जावे.' भरल्याची वेळ, संध्याकाळी सहा दहा. फ्लाइट पाचची होती.

स्टॅनली कोल्ड स्टोअरमध्ये होता. वरची फळी रिकामी होती आणि तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"स्टॅनली," सदानंद म्हणाला.

"ग्रुपवर फोटो बघितला, सर."

"तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द टाकला असता..."

"पोस्टर आहे ना, सर, दारावर. खाण्याची वस्तू सापडली तर जागच्या जागी टर्मिनेशन. एक महिना राहिलाय माझा. आणि खरं सांगू? मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मला वाचवायला तुम्ही मुद्दाम असं इंग्लिशमध्ये फिरवून लिहिताय. मी रूमवर जाऊन पोरीला फोन केला. म्हटलं, आमचे सर देवमाणूस आहेत."

सदानंदने भिंतीला हात टेकला. "पण ठेवली कशाला इथे?"

"रूमवर सहा जण, सर. कोणाच्या डाळीत कधी जाईल नेम नाही. त्यात आमचा एसी उन्हाळ्यात बंद पडतो, मसाल्याला कीड लागते. इथे गारवा, अंधार. तिनेच फोनवर सांगितलं होतं, गार जागी ठेव. तीन बाटल्या पाठवल्या होत्या एप्रिलमध्ये. दोन रूमवरच संपल्या, ही शेवटची. शनिवारी अर्धा चमचा पुडीत बांधून न्यायचो, बुचाला पुन्हा मेण लावायचो. रविवारी चर्चमधून आलो की तो घालून काहीतरी शिजवायचो. खोलीभर वास सुटला की वाटायचं..."

"आणि मेमध्ये?" सदानंद म्हणाला. "मी तुम्हाला थांबवलं. विमान चुकलं. भांडला का नाहीत माझ्याशी?"

"रकाना रिकामा होता, सर," स्टॅनली म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं. "दुसऱ्या दिवशी पोचलो, तेव्हा लोक सिमेटरीतून परत येत होते."

सदानंदने त्याची माफी मागितली. स्टॅनलीने "असू दे, सर" म्हटलं, जसं तो ड्रम जड आहे का विचारल्यावर म्हणायचा. पुढच्या आठवड्यात अनुपमाने वसईच्या एका ओळखीच्या बाईकडून मसाल्याची बाटली मागवली आणि स्वतः देऊन आली. स्टॅनलीने झाकण उघडून वास घेतला. "छान आहे, वहिनी," तो म्हणाला. ती त्याने रूमवरच्या पाच जणांना देऊन टाकली. लाल पोस्टर सदानंदने उतरवलं. पण उशिरा उतरवलेल्या पोस्टरचा कोणाला काय उपयोग?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हॉलंडहून रिपोर्ट आला. शंभरापैकी नव्याण्णव! मोठ्या साहेबांनी केक मागवला. सदानंदने केक खाल्ला नाही. एक मार्क कुठे गेला ते बघायला त्याने शेवटचं पान उलटलं आणि ते घेऊन स्टोअरमध्ये गेला. ज्याच्या ताब्यातला माल त्याचीच सही लागते.

"एकच शेरा आहे," त्याने मराठीत करून सांगितलं. " 'पुरवठादार एमिली यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न चालू ठेवावा.' "

स्टॅनलीने चष्मा लावला. त्या ओळीवर बोट ठेवून नाव वाचलं. दोनदा वाचलं. "छापून आलंय तिचं नाव," तो म्हणाला. "सर, याची एक झेरॉक्स मिळेल? नियमाप्रमाणे दहा वर्षं ठेवायची असते ना?"

"मिळेल."

त्याने पेन घेतलं. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात सावकाश आपलं नाव लिहिलं, सही केली. मग पेन पुढच्या रकान्यावर थांबलं.

"सर, 'कधीपर्यंत पूर्ण करणार' असं विचारलंय. कोणती तारीख टाकू?"

सदानंद टिपणीसने त्या रकान्याकडे पाहिलं. मग कागद हळूच त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

"राहू दे, स्टॅनली," तो म्हणाला. "तेवढा रिकामा राहू दे."